साक्षरतेचा वर्ग आणि जळालेली वस्ती

(साक्षरता-कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

काल रात्रीच्या चर्चेत एका कार्यकर्तीने एक प्रश्न विचारला. तिच्या वस्तीत काही महिन्यांपूर्वी दगडफेक आणि जाळपोळ झाली. साक्षरतेचा वर्ग आता पुन्हा सुरू झाला आहे, माणसे येतात, पाटीवर अक्षरे गिरवतात. पण त्या दिवसांविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. तिने विचारले, हा विषय मी वर्गात काढावा की टाळावा? त्यावर दोन उत्तरे आली. काही जण म्हणाले, आपले काम अक्षरे शिकवण्याचे, खपली काढण्याचे नव्हे. इतर म्हणाले, अन्यायाविषयी मुके राहणारे शिक्षण हे शिक्षणच नव्हे, लोकांना बोलते केलेच पाहिजे. मी काल गप्प बसलो, कारण ही दोन्ही उत्तरे मी माझ्या तरुणपणी स्वतः देऊन पाहिली आहेत आणि दोन्ही वेळा चुकलो आहे. आज त्या चुकांपासूनच सुरुवात करतो.

२७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि लगोलग मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. शेकडो गावांत घरे जाळली गेली, माणसे परागंदा झाली. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. ज्या नावासाठी हे सारे घडले ते नाव विद्यापीठाच्या नावाला जोडले जाण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. पण १९७८ सालीच, या आगीची धग निवण्यापूर्वी, २ ऑक्टोबरला केंद्रातील जनता सरकारने राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू केला. १५ ते ३५ वयाच्या १० कोटी निरक्षरांपर्यंत पाच वर्षांत पोहोचावे, असे त्याचे उद्दिष्ट होते. साक्षरता, कार्यक्षमता आणि जाणीवजागृती अशी त्याची तीन अंगे होती. मी तेव्हा अर्थशास्त्राचा विद्यार्थी होतो. ३० माणसांचा वर्ग, दहा महिन्यांची मुदत, एक कंदील आणि महिना ५० रुपये मानधन, एवढ्या सामग्रीवर १९७९ च्या आरंभी गोदाकाठच्या एका गावात मी वर्ग सुरू केला. वस्तीतील बरीच घरे जळलेली होती आणि निम्मी माणसे पत्र्याच्या आडोशाला राहत होती.

पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर ‘घर’ हा शब्द लिहिला. दोन सोपी अक्षरे, काना नाही, मात्रा नाही. शिकवणाऱ्याला दुसरे काय हवे? वर्ग एकाएकी स्तब्ध झाला. मग मागच्या रांगेतून एक प्रौढ बाई म्हणाल्या, “मास्तर, ते पुसा.”

मी ते पुसले. पुढचा महिनाभर बैल, नदी, पाऊस असे शब्द शिकवले आणि आपण लोकांच्या दुःखाचा आदर करीत आहोत, अशी स्वतःची समजूत घातली. वास्तविक तो आदर नव्हता, माझा भित्रेपणा होता. मी सवर्ण घरातला. जाळणाऱ्यांत माझ्या घरचे कोणी नव्हते, परंतु माझ्या नात्यागोत्यातील माणसे त्या रात्री दारे लावून आत बसली होती. ‘घर’ हा शब्द टाळण्याने माझीच अडचण टळत होती.

पुढे एका प्रशिक्षण शिबिरात जाणीवजागृतीवर व्याख्याने ऐकली आणि मी भारावून परतलो. त्याच संध्याकाळी भरल्या वर्गात त्या बाईंना म्हटले, “मावशी, त्या रात्री काय झाले ते सर्वांना सांगा. मनात ठेवू नका.” त्या उठल्या, पदर सावरला आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. आणखी दोघीही यायच्या थांबल्या. पंधरा दिवसांनी मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मला बसायला पोते टाकले, पाणी दिले आणि म्हणाल्या, “इचारलं ते ठीक, मास्तर. पण कुणापुढं इचारलं? उद्या मला त्याच्याच रानात खुरपायला जायचंय.”

वर्गात एक सालदार बसत असे. वर्गात झालेले बोलणे रात्रीतून मालकाच्या कानी जाई. त्याचाही नाइलाज होता. त्याचे साल त्या मालकाकडे बांधलेले होते. अर्थशास्त्रात मजुरीच्या सिद्धांतावर मी तोवर पुष्कळ वाचले होते; परंतु मौनाला मजुरीचा आधार असतो ही गोष्ट मला त्या पोत्यावर बसून कळली. मार खाल्लेला माणूस बोलत नाही तेव्हा आपण म्हणतो, त्याच्या मनावर आघात झाला आहे. ते खरेच असते. पण त्या आघाताबरोबर उद्याची खुरपणी असते, दुकानातील उधारी असते, पाणवठा असतो. ज्याने घर जाळले त्याच्याच शेतावर पोट असेल, तर बोलणे ही चैन ठरते. मन मोकळे कर असे सांगणाऱ्याने आधी या माणसाला बोलणे परवडेल काय, हे पाहिले पाहिजे.

मग वर्ग कसा सावरला? योगायोगाने. वस्तीतील एका तरुणाने नुकसानीच्या पंचनाम्याची नक्कल मिळवली आणि ती वाचून दाखवावी म्हणून माझ्याकडे आणली. त्यावर सगळ्यांचे अंगठे होते, पण आपण कशावर अंगठा दिला हे कोणालाच ठाऊक नव्हते. मी वाचू लागलो. एक झोपडी, काही भांडी, किरकोळ सामान. ‘किरकोळ सामान’ हे शब्द ऐकताच वर्गात कुजबुज झाली. एक जण म्हणाला, माझी शेळी कुठे आहे यात? दुसरी म्हणाली, जाते फुटले ते? वाकळा? रांजण? दोन पायली ज्वारी? मुलाचे दप्तर? मी एकेक शब्द फळ्यावर लिहीत गेलो. जाते, वाकळ, रांजण, ज्वारी, शेळी, दप्तर. पुढचे दोन महिने हेच आमचे पाठ्यपुस्तक होते. प्रत्येकाने आपापली यादी लिहिली, वस्तूंच्या किमती मांडल्या, बेरजा केल्या. त्या रात्री काय घडले, असे कोणी कोणाला विचारले नाही. ज्यांना सांगायचे होते त्यांनी यादी लिहिताना सांगितले, ज्यांना नको होते त्यांनी फक्त यादी लिहिली. मावशी परत आल्या. त्यांच्या यादीत अकरा वस्तू होत्या. वस्तीच्या एकत्रित अर्जाला मथळा द्यायची वेळ आली तेव्हा ‘आमच्या जळालेल्या घरांतील सामान’ असे शब्द ठरले आणि ‘घर’ हा शब्द पुन्हा फळ्यावर आला. या वेळी तो कोणी पुसायला सांगितला नाही.

त्या अर्जाने क्रांती झाली नाही. थोडी वाढीव मदत मिळाली, तीही सर्वांना नाही. परंतु त्यानंतर त्या वस्तीत वाचून घेतल्याशिवाय कोणी कागदावर अंगठा उठवला नाही. दहा महिन्यांच्या वर्गाचे हे फळ मी लहान मानत नाही.

या अनुभवाचा अर्थ मला पुढे हळूहळू उलगडला. माणसाला घाव उघडा करायला सांगणे वेगळे आणि त्याला बोलता यावे म्हणून आडोसा देणे वेगळे. यादी हा आमचा आडोसा होता. तिच्याआड प्रत्येकाला हवे तेवढे बोलता येत होते, हवे तेवढे राखता येत होते. शिवाय अर्ज एकट्याचा नव्हता, वस्तीचा होता; सूड घ्यायचा तर एका बाईवर घेता येण्यासारखा नव्हता.

महाराष्ट्राला हे नवे नाही. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात महार-मांगांच्या दुःखाविषयी एक निबंध प्रसिद्ध झाला. तो लिहिणारी मुक्ता ही जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील चौदा वर्षांची मांग समाजातील मुलगी होती. पेशवाईत अस्पृश्यांवर झालेले अत्याचार, इमारतींच्या पायांत माणसे पुरण्याची क्रूर चाल, उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल, हे सारे तिने त्यात मांडले. अवघे तीन-एक वर्षांचे शिक्षण झालेल्या मुलीने हे लिहिले. त्या निबंधात मला दोन गोष्टी लक्षणीय वाटतात. एक, ती आपल्या एकटीची कहाणी सांगत नाही, आपल्या समाजाची सांगते. ‘मी’ऐवजी ‘आम्ही’ म्हणण्यात तिला बळ मिळते आणि संरक्षणही. दोन, तिच्या शिक्षकांनी तिला रडगाणे गायला शिकवले नाही, तर्क करायला शिकवले. सामुदायिक आघात शब्दांत आणण्याचा आपल्याकडील एक आद्य पाठ असा एका विद्यार्थिनीच्या हातचा आहे.

आता आंध्रातील एक उदाहरण सांगतो. तेथे विषय दंगलीचा नव्हता, घराघरांतील रोजच्या मारहाणीचा होता. १९९१ साली नेल्लोर जिल्ह्यात संपूर्ण साक्षरता मोहीम झाली. नवसाक्षर स्त्रियांच्या वाचनात सीतम्मा नावाच्या एका काल्पनिक बाईची गोष्ट होती. गावातील स्त्रिया एकत्र येऊन अरकाचे दुकान बंद पाडतात, असा तिचा आशय. ती वाचताना कोणाही बाईला ‘माझा नवरा मला मारतो’ असे म्हणावे लागले नाही. सीतम्माविषयी बोलता बोलता त्या आपल्याविषयी बोलल्या. दुबगुंटा या गावातील स्त्रियांनी वर्गातून उठून खरोखरीच गावातील अरकविक्री बंद पाडली. मग त्यांचीच हकीकत इतर गावांच्या वर्गांत वाचली जाऊ लागली, आणि १९९२ साली जिल्हाभर स्त्रिया अरकाचे लिलाव रोखू लागल्या.

येथे अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून एक आकडा आपल्यापुढे ठेवतो. आंध्र सरकारचे अबकारी उत्पन्न १९७०-७१ साली सुमारे ३९ कोटी रुपये होते, ते १९९१-९२ पर्यंत ८०० कोटींच्या वर गेले. पिशवीबंद अरक खेड्यापाड्यांत पोहोचवण्याची व्यवस्था १९८० च्या दशकात सरकारच्या धोरणानेच झाली होती. म्हणजे जी मारहाण नवरा-बायकोचे खासगी भांडण म्हणून सोडून दिली जात होती, तिच्या मुळाशी असलेल्या अरकावर राज्याच्या अंदाजपत्रकातील एक मोठी बाब उभी होती. स्त्रियांच्या रेट्यामुळे १ ऑक्टोबर १९९३ पासून राज्यात अरकबंदी झाली आणि १९९५ च्या जानेवारीत संपूर्ण दारूबंदी आली. १९९७ साली महसुलाच्या ओढीने ती दारूबंदी मोडीत निघाली, हेही सांगितले पाहिजे. तरीसुद्धा आपला घाव खासगी नाही, त्याला लिलाव आहे, ठेकेदार आहे, अंदाजपत्रक आहे, हे एका वाचनपाठातून लाखो स्त्रियांनी ओळखले. जाणीवजागृती या जड शब्दाचा अर्थ मी तरी एवढाच समजतो.

पण मित्रहो, आडोशाचे कधी झाकण होते, याचेही भान आपल्यासारख्या चळवळीतील माणसांनी ठेवले पाहिजे. निकाराग्वात जुलै १९७९ मध्ये सोमोसाची हुकूमशाही उलथली आणि १९८० च्या मार्च ते ऑगस्टमध्ये तेथील क्रांतिकारी सरकारने साक्षरता मोहीम काढली. सुमारे ६० हजार तरुण खेड्यांत गेले. निरक्षरतेचे प्रमाण सुमारे ५० टक्क्यांवरून १३ टक्क्यांच्या आसपास आले, असे सरकारने जाहीर केले. जुन्या राजवटीच्या सैनिकांनी काही शिक्षकांचे खून केले, तरी मोहीम थांबली नाही. या पराक्रमापुढे आपण नम्र व्हावे. युद्धाने पोळलेल्या माणसांना त्या पुस्तकाने आपल्या दुःखाची भाषा दिली. मात्र त्या दुःखाचा अर्थ काय, हेही त्याच पुस्तकाने आधीच ठरवून ठेवले होते; पाठांतील वाक्ये सँडिनो आणि क्रांतीच्या गौरवाची होती. अटलांटिक किनाऱ्यावरील मिस्किटो लोकांची भाषाही स्पॅनिश नव्हती आणि इतिहासही तसाच्या तसा तो नव्हता. त्यांच्या भाषांतून मोहीम नंतर सुरू झाली, परंतु दुरावा आधीच पडलेला होता. ज्यांच्या पद्धतीचा आधार जगभर घेतला गेला ते ब्राझीलचे पाउलो फ्रेरे सांगत आले की, शब्द शिकणाऱ्याच्या जगण्यातून उचलावा. १९६४ च्या लष्करी उठावानंतर त्यांना तुरुंगात टाकले गेले व देश सोडावा लागला, ते याच आग्रहापायी. शिकणाऱ्याच्या जगण्याऐवजी आपल्या जाहीरनाम्यातून शब्द उचलण्याचा मोह सत्ताधाऱ्यांना असतो, तसा तो आपल्यालाही असतो.

आता कालच्या प्रश्नाकडे वळतो. विषय काढावा की टाळावा, ही निवडच मला फसवी वाटते. विषय वर्गात असतोच. कोण कोठे बसते, कोण येत नाही, कोणत्या शब्दाला शांतता पसरते, यांतून तो बोलत असतो. आपण त्याला जागा करून द्यायची. ती कशी, याविषयी काही गोष्टी सुचवतो.

प्रथम वस्तीचे अर्थकारण समजून घ्या. कोण कोणाच्या शेतावर, कोणाच्या कारखान्यात, कोणाच्या घरी कामाला जाते. उधारी कोणाची आहे. घरमालक कोण आहे. याची माहिती नसेल तर वर्गात एकही प्रश्न विचारू नका. आपण स्वतः कोणत्या समाजातून आलो आणि त्या दिवशी आपली माणसे कोठे होती, हे लपवू नका. लोकांना ते ठाऊक असतेच.

दुसरे, कोणालाही आपबीती सांगण्यास भाग पाडू नका. ‘मला सांगायचे नाही’ हे वाक्य म्हणता येणे, हाही साक्षरतेचा एक धडा आहे. कॅनडातील साक्षरता-अध्यापिका जेनी हॉर्समन यांनी हिंसेच्या अनुभवाचा शिकण्यावर होणारा परिणाम अभ्यासला. त्यांचे म्हणणे असे की, लक्ष न लागणे, गैरहजेरी, अचानक उठून जाणे, हे मंदबुद्धीचे वा आळसाचे लक्षण समजू नये. हिंसा सोसलेली माणसे वर्गात आहेत असे गृहीत धरूनच वर्गाची रचना करावी. दाराजवळची जागा ज्याला हवी त्याला द्या. मध्येच उठून जाणाऱ्याला कारण विचारू नका. आणि ज्याची झोप उडाली आहे, जो आवाजाने दचकतो, त्याचा उपचार आपण करू शकू असा अहंकार धरू नका. १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून टेलि-मानस ही मोफत सरकारी सेवा चालते. तो क्रमांक फळ्यावर लिहा. अंक शिकवायचेच आहेत.

तिसरे, वर्गात दोन्ही समाजांची माणसे असतील तर सुरुवात हरवलेल्या कागदांपासून करा. शिधापत्रिका, जन्माचा दाखला, मुलांची गुणपत्रिका. कागद कोणाचाही जळाला तरी तो परत मिळवण्याचा अर्ज सारखाच असतो. अर्ज एकत्र लिहिणारी माणसे पुढे एकत्र बोलतील, असे आश्वासन मी देत नाही. पण एकमेकांना आरोळ्या ठोकणारी माणसे निश्चितच बोलत नाहीत. मात्र समतोलाच्या नावाखाली मारणारा आणि मार खाणारा यांना एका तागडीत घालू नका.

चौथे, जे लिहिले जाईल ते उपयोगास आणा. पोलिसांनी नोंदवलेली पहिली खबर तक्रारदाराला वाचून दाखवली पाहिजे आणि तिची प्रत विनामूल्य दिली पाहिजे, असे कायदा सांगतो. जुन्या संहितेत ही तरतूद होती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील १९९५ च्या नियमांत पीडितांना टप्प्याटप्प्याने अर्थसाहाय्य देण्याची तजवीज आहे. हे उतारे वाचनपाठ म्हणून घ्या. जी बाई आपल्या तक्रारीची प्रत स्वतः वाचून ‘हे मी सांगितले नव्हते’ असे म्हणू शकते, तिला साक्षर म्हणावे.

पाचवे, आणि हे आपल्यासाठी अधिक कठोरपणे सांगतो: लिहिलेला कागद त्या माणसाचा आहे. त्याच्या संमतीवाचून तो सभेत वाचू नका, पत्रकात छापू नका, आपल्या साप्ताहिकाकडेही पाठवू नका. आपले भाषण रंगते, पण दुसऱ्या दिवशी शेतावर जायचे असते ते त्या माणसाला.

यासाठी वेळ लागतो, आणि वेळेला पैसा लागतो. २०२२ ते २०२७ साठी आखलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात पाच कोटी निरक्षरांसाठी १०३७ कोटी ९० लाख रुपयांची तरतूद आहे. भागाकार करा, पाच वर्षांत माणशी सुमारे २०८ रुपये. शिकवणारे स्वयंसेवक विनामोबदला, आणि शेवटी १५० गुणांची परीक्षा. या हिशेबात जळालेल्या वस्तीसाठी थांबायला जागा नाही. ती जागा मागणे हे आपले राजकीय काम आहे. अशा वस्त्यांतील वर्गांना अधिक महिने मिळावेत, शिकवणाऱ्याला मानधन मिळावे, पंचनामा व तक्रारीच्या प्रती वर्गात वाचून देण्याची सोय असावी, एवढ्या तीन मागण्या तरी या शिबिराने मंजूर कराव्यात, अशी माझी विनंती आहे.

आणि काल प्रश्न विचारणाऱ्या कार्यकर्तीला एवढेच सांगतो: बाई, उद्या वर्गात गेल्यावर काहीही विचारू नका. ‘आपल्या वस्तीतून काय काय गेले?’ असा मथळा फळ्यावर लिहा, खडू टेबलावर ठेवा आणि बाजूला बसा. पहिला दिवस रिकामा गेला तरी चालेल. फळा पुसू नका.